गरम पाण्यातली पंधरा भावंडं

अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो. वज्रेश्वरीचं दर्शन झालं होतं, तानसा नदीला बेताचंच पाणी होतं आणि कुंडातलं पाणी असं की पाय आत घातला की आधी चटकन बाहेर काढावासा वाटतो. भाची नववीत आहे. तिने विचारलं, "मावशी, हे पाणी दगडाच्या आतून येतं म्हणतेस ना? मग येताना दगडातलं काय काय उचलून आणतं?"

मी सांगितलं, मीठ आणतं, कॅल्शियम आणतं, सिलिका आणतं, गंधकाचा वास आणतं. पण मुंबईत इतकी वर्षं भूशास्त्र शिकवल्यावर मला ठाऊक होतं की ही यादी अपुरी आहे. मी स्वतः सगळ्यात जास्त रमते ती गोष्ट या यादीच्या अगदी तळाशी असते. गरम पाण्यात रेअर अर्थ मूलद्रव्यं उतरतात. ती इतकी थोडी असतात की लिटरमागे ग्रॅमचा अब्जावा भाग मोजावा लागतो. पण ती कशी उतरतात, किती लांब जातात आणि कुठल्या खनिजात जाऊन बसतात, यावरून त्या पाण्याची सगळी हकिकत कळते. परतीच्या लोकलमध्ये विरारपासून दादरपर्यंत मी तिला हे समजावत आले. तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ सोडवू. आवर्तसारणीत लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंत, म्हणजे अणुक्रमांक ५७ ते ७१, अशी पंधरा मूलद्रव्यं ओळीने येतात. त्यांच्याचसारखी वागणारी यिट्रियम आणि स्कँडियम धरली तर सतरा. मराठीत त्यांना दुर्मिळ मृदा किंवा विरल मृदा म्हणतात. त्यातली 'मृदा' म्हणजे माती नव्हे. न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साईडला जुने रसायनशास्त्रज्ञ तसं म्हणत. स्वीडनमधल्या यिटरबी गावच्या खाणीत १७८७ मध्ये एक काळा जड दगड सापडला, १७९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गाडोलिन यांनी त्यातून एक नवी 'मृदा' वेगळी काढली, आणि ते नाव कायमचं चिकटलं. त्या एका गावावरून पुढे यिट्रियम, यिटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम अशी चार मूलद्रव्यं ओळखली गेली.

'दुर्मिळ' हा शब्द तर सरळ दिशाभूल करतो. पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतकं आहे. या घराण्यातली सगळ्यात तुटपुंजी म्हणावीत अशी थुलियम आणि ल्युटेशियमसुद्धा सोन्याच्या शेकडो पट आहेत. अपवाद फक्त प्रोमेथियमचा. ते किरणोत्सारी आहे आणि निसर्गात जवळजवळ टिकतच नाही. बाकीच्यांची अडचण वेगळी आहे. ती सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असतात आणि एका जागी ढिगाने क्वचितच सापडतात. तो ढीग निसर्गात कोण करतं? बऱ्याच ठिकाणी हे काम गरम पाण्याने केलेलं असतं किंवा शेवटाला नेलेलं असतं.

आपल्या घरात ती नाहीत असं समजू नका. मोबाइलच्या स्पीकरमधल्या चुंबकात निओडिमियम असतं. जुन्या रंगीत टीव्हीचा लाल रंग युरोपियमचा. एमआरआयच्या आधी शिरेतून देतात त्या औषधात गॅडोलिनियम असतं. आणि कोकणात लग्नाच्या मांडवात जी गॅसबत्ती फुरफुरायची, तिच्या जाळीदार मेंटलमध्ये थोरियमच्या ऑक्साईडबरोबर साधारण एक टक्का सिरियमचं ऑक्साईड असायचं. त्या मेंटलच्या धंद्यानेच भारताचं नाव या मूलद्रव्यांशी जोडलं गेलं. त्रावणकोरहून जर्मनीला गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला मोनाझाईट हे थोरियम आणि रेअर अर्थ असलेलं खनिज सापडलं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचं आजचं नाव आयआरईएल, आणि मुख्यालय आपल्या प्रभादेवीत, सिद्धिविनायकाच्या जवळ. मंगळवारी त्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. मला मात्र तिथून जाताना दर वेळी आठवतं.

आता मुख्य गोष्ट.

ही पंधरा भावंडं एकाच साच्यातली. जवळजवळ सगळी तीन इलेक्ट्रॉन देऊन मोकळी होतात आणि त्यांच्यावर तीन धनभार राहतो. एका भावंडाकडून पुढच्याकडे जाताना केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि एक इलेक्ट्रॉनही वाढतो, पण तो इलेक्ट्रॉन बाहेर ओटीवर न बसता आतल्या खोलीत जाऊन बसतो. ओटी तशीच राहते, म्हणून बाहेरच्या जगाशी वागणं सारखं. मात्र आतला इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाही. परिणामी प्रत्येक पुढचं भावंड मागच्यापेक्षा किंचित आक्रसलेलं असतं. लँथेनमच्या आयनाची त्रिज्या ११६ पिकोमीटर, ल्युटेशियमची ९८. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. पंधरा भावंडांत मिळून फरक जेमतेम सोळा टक्क्यांचा, शेजारच्या दोघांत एका टक्क्याच्या आसपास. एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर पुढे गोंधळ होईल: लँथेनमकडच्या भावंडांना 'हलकी' म्हणतात आणि ल्युटेशियमकडच्यांना 'जड', पण आकाराने हलकी मोठी आणि जड लहान.

एक टक्क्याचा फरक कोणाला कळणार? खनिजाला कळतो.

गिरगावच्या आमच्या चाळीत कासार यायचा. आजीचा हात नुसता हातात धरला की माप न घेता सांगायचा, "दोन-सहा." आईचा दोन-चार. काचेची बांगडी थोडी लहान असली तर तो हात दाबून, बोटं आवळून ती चढवायचा. फारच लहान असली तर चढायची नाही किंवा फुटायची. आणि मोठी असली तर चढायची, पण हातात राहायची नाही. स्फटिकाचं नेमकं तसंच आहे. स्फटिक म्हणजे अणूंची ठरावीक मांडणी, आणि त्या मांडणीत ठरावीक मापाच्या जागा असतात. कॅल्शियमची जागा असेल तर तिचं माप कॅल्शियमच्या आयनाचं. त्या मापाच्या जवळचं भावंड सहज बसतं. त्याहून मोठं बसवायचं तर आजूबाजूचं सगळं ताणावं लागतं, लहान बसवलं तर सगळं आत ओढलं जातं, आणि दोन्हीची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. प्रत्येक मूलद्रव्याचा आकार आडव्या अक्षावर आणि त्याला खनिजात मिळालेली जागा उभ्या अक्षावर मांडली, तर उलट्या वाटीसारखी वक्ररेषा मिळते. वाटीचा माथा जिथे, ते त्या खनिजाचं माप.

त्या वाटीच्या कडा किती उभ्या आहेत यालाही अर्थ आहे. काचेची बांगडी जराही ताणत नाही, रबराची ताणते. काही खनिजांच्या जागा काचेसारख्या ताठ असतात. ती एकदोन भावंडांनाच घेतात आणि बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतात. काहींच्या जागा सैल असतात आणि ती सगळ्यांना थोडं थोडं सामावतात. गार्नेटच्या जागा लहान, म्हणून त्यात जड भावंडं जमतात. मोनाझाईटच्या जागा मोठ्या, तिथे लँथेनम, सिरियम, निओडिमियम ही हलकी मंडळी. झेनोटाईम हेसुद्धा मोनाझाईटसारखंच फॉस्फेट, पण त्याची मांडणी आवळ, म्हणून त्यात यिट्रियम आणि जड भावंडं. भारतातल्या किनाऱ्यांवर मोनाझाईट भरपूर आहे, म्हणून आपल्याकडे हलक्यांची सुबत्ता आहे आणि जडांची टंचाई.

आकार जुळला तरी हिशेब संपत नाही. कॅल्शियमवर दोन धनभार, आपल्या भावंडांवर तीन. कॅल्शियमच्या जागी निओडिमियम बसलं की एक भार जास्तीचा झाला, तो कुठेतरी वळता करावा लागतो. बहुतेक वेळा शेजारच्या कॅल्शियमच्या जागी एक भार असलेलं सोडियम येऊन बसतं, म्हणजे दोन अधिक दोनचे चार झाले तसेच तीन अधिक एकचेही चार. म्हणून पाण्यात सोडियम किती आहे यावरही कॅल्शियमच्या खनिजात रेअर अर्थ किती शिरेल हे अवलंबून राहतं. लोकलच्या चौथ्या सीटसारखं आहे हे. बाकीच्या तिघांनी थोडं सरकून घेतलं तरच चौथा टेकतो.

पाणी आणि खनिज यांच्यातल्या या वाटणीला एक आकडा असतो. आमटी खारट झाली की त्यात बटाटा सोडतात. थोड्या वेळाने काही मीठ आमटीत असतं, काही बटाट्यात. बटाट्यातल्या मिठाचं प्रमाण भागिले आमटीतल्या मिठाचं प्रमाण हा झाला वाटणीचा आकडा. भूशास्त्रात याला विभाजन गुणांक म्हणतात. तो एकाहून मोठा म्हणजे खनिजाला ते मूलद्रव्य प्रिय, लहान म्हणजे पाण्यालाच ते ठेवून घ्यायचं आहे. पण किती बटाटे आणि किती आमटी, हा प्रश्न उरतोच, आणि निसर्गात तो फार मोठा आहे. एका किलो बेसाल्टमध्ये, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, सगळी रेअर अर्थ मिळून शंभरेक मिलिग्रॅमपर्यंत असतात. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात त्याच्या हजारो-लाखोपट कमी. या व्यवहारात खडकाला काही जाणवतही नाही, पाण्याचा मात्र चेहरामोहरा बदलून जातो. म्हणूनच गरम पाण्यातून नंतर वाढलेली खनिजं अभ्यासायची. खडकाच्या अंगावर न दिसणारी ही देवघेव त्यांच्यात स्पष्ट उमटलेली असते.

आता पाण्याकडे वळू, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे आणि पाठ्यपुस्तकांत ती बराच काळ चुकीची लिहिलेली होती.

तीन धनभाराचा आयन पाण्यात एकटा राहत नाही. त्याला सोबती लागतो: क्लोराईड, फ्लोराईड, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट. प्रयोगशाळेत साध्या खोलीच्या तापमानाला पाहिलं तर फ्लोराईड त्याचा हात क्लोराईडपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. शिवाय जगातल्या अनेक रेअर अर्थ साठ्यांच्या शेजारी फ्लोराईट हे फ्लोरीनचं खनिज सापडतं. त्यावरून अनेक वर्षं असं मानलं गेलं की जमिनीखाली या भावंडांना वाहून नेणारं फ्लोराईडच. त्या वेळचे आकडे २५ अंशांवर मोजलेले होते, आणि तिथून शेकडो अंशांपर्यंतचे अंदाज गणिताने बांधलेले होते.

मग प्रत्यक्ष गरम पाण्यात प्रयोग झाले आणि चित्र उलटं झालं. फ्लोराईड हात घट्ट धरतं हे खरंच. पण ते इतकं घट्ट धरतं की दोघं प्रवासाला न निघता तिथल्या तिथे संसार थाटतात, म्हणजे घन होऊन तळाशी बसतात. रेअर अर्थची फ्लोराईडं आणि फ्लोरोकार्बोनेटं पाण्यात फारच कमी विरघळतात. दुसरं असं की आम्लधर्मी गरम पाण्यात फ्लोरीन हायड्रोजनशीच जोडी करून बसतं, रेअर अर्थसाठी मोकळं राहतच नाही. वाहतुकीचं काम करतं ते साधं क्लोराईड, मिठातलं. हात सैलसर धरतं, पण मिठवणी पाण्यात ते मुबलक असतं आणि तापमान चढत गेलं की त्याची पकडही वाढते. काही ठिकाणी सल्फेटही ही कामगिरी करतं. थोडक्यात, क्लोराईड ही लोकल आहे, आणि फ्लोराईड, फॉस्फेट, कार्बोनेट ही उतरायची स्टेशनं आहेत. साठ्यांशेजारी फ्लोराईट सापडतं ते त्याने माल आणून दिला म्हणून नव्हे. त्याने माल उतरवून घेतला म्हणून.

आणखी एक गोष्ट याच प्रयोगांतून कळली. तापलेल्या पाण्यात क्लोराईड हलक्या भावंडांना जडांपेक्षा अधिक भक्कम धरतं. म्हणून पाणी लांबवर गेलं तर हलकी पुढच्या स्टेशनापर्यंत पोहोचतात, जड आधीच गळतात. एकसारखी पंधरा भावंडं नुसत्या प्रवासाने वेगळी होतात. प्रयोगशाळेत त्यांना एकमेकांपासून सोडवायला शंभर-शंभर टप्प्यांची द्रावणं लागतात, आणि डोंगराखाली हे काम मीठ, उष्णता आणि वेळ मिळून करतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही वाचलं नव्हतं.

पाणी ओझं कुठे टाकतं? थंड झालं की टाकतं, पण त्याहून खात्रीने टाकतं ते आम्लता गेली की. आम्लधर्मी, खारट, गरम पाणी चुनखडीत किंवा डोलोमाईटमध्ये, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीत, शिरलं की आम्ल चुन्यावर खर्च होतं, हायड्रोजनकडे अडकलेलं फ्लोरीन मोकळं होतं, कार्बोनेटही मिळतं, आणि बॅस्टनेसाईटसारखं रेअर अर्थचं फ्लोरोकार्बोनेट खनिज जागीच जन्माला येतं. चीनच्या इनर मंगोलियातला बायान ओबो हा जगातला सगळ्यात मोठा साठा डोलोमाईटच्या खडकात आहे आणि हलक्या भावंडांनी भरलेला आहे. तो नेमका कसा बनला यावर बरेच वाद आहेत, पण गरम पाण्याचा हात त्यात होता याबद्दल फारसं दुमत नाही. यातही क्लोराईड हेच अंतिम उत्तर असं समजू नये. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या गटाने २०२० मध्ये कार्बोनेटाईटवर, म्हणजे चुनखडीच्या रसायनाचा मॅग्मा थिजून झालेल्या खडकावर, प्रयोग प्रसिद्ध केले. तिथे क्लोरीन-फ्लोरीन असूनही भावंडं फारशी हलली नाहीत, सोडियम-पोटॅशियम भरपूर मिळालं तेव्हा हलली. विज्ञान इथे अजून ताजं आहे, आणि मला ते आवडतं.

आपल्या जवळचं उदाहरण गुजरातेत आहे. छोटा उदेपूर जिल्ह्यातलं अंबा डुंगर. दख्खनचे लाव्हा वाहत होते त्याच काळातला, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा हा कार्बोनेटाईटचा, हातातल्या कड्यासारखा गोल डोंगर. तिथे फ्लोराईटच्या खाणी आहेत आणि त्याच्या संगतीत रेअर अर्थची फ्लोरोकार्बोनेट खनिजं आहेत. गरम पाणी, चुना आणि फ्लोरीन एकत्र आले की काय होतं, ते तिथल्या दगडात हाताने दाखवता येतं.

आता माझं सगळ्यात लाडकं भावंड: युरोपियम.

बाकीचे बहुतेक जण कायम तीन भार घेऊन फिरतात, पण युरोपियम परिस्थिती पाहून एक इलेक्ट्रॉन परत घेतं आणि दोन भारांचं होतं. ऑक्सिजन कमी असला आणि तापमान चढलं, ढोबळमानाने २५० अंशांच्या वर गेलं, की गरम पाण्यातलं बरंचसं युरोपियम असं दोनभारी होतं. इलेक्ट्रॉन परत आला की अंगही भरतं. त्रिज्या १०७ वरून १२५ पिकोमीटर होते, म्हणजे ते स्ट्रॉन्शियमच्या मापाचं होतं. मग ते भावंडांत न राहता स्ट्रॉन्शियम जिथे जातं तिथे जातं.

हे दिसतं कसं? भावंडांच्या प्रमाणाचे आकडे ओळीने सरळ मांडले तर काही दिसत नाही, कारण विश्वात सम अणुक्रमांकाची मूलद्रव्यं विषम शेजाऱ्यांपेक्षा जास्त आहेत आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो. म्हणून प्रत्येक आकड्याला आदिम उल्कापाषाणातल्या त्याच मूलद्रव्याच्या आकड्याने भागतात. मासुदा यांनी १९६२ मध्ये आणि कोरिएल यांनी १९६३ मध्ये ही पद्धत रूढ केली. भागलं की दाते जातात आणि गुळगुळीत रेघ उरते. त्या रेघेत युरोपियम एकटंच कधी शिखरासारखं वर येतं, कधी खळग्यासारखं खाली जातं.

बेसाल्टमध्ये प्लेजिओक्लेज नावाचं फेल्डस्पार असतं, काळ्या दगडात पांढुरक्या काड्यांसारखं दिसणारं. त्याच्या मोठ्या जागा दोनभारी युरोपियमला अगदी मापाच्या. म्हणून मॅग्मा थिजताना प्लेजिओक्लेज युरोपियम गोळा करून ठेवतं. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावरचे दगड आणले, तेव्हा तिथल्या काळ्या सपाट भागातल्या बेसाल्टात युरोपियमचा खळगा दिसला, आणि उंच पांढऱ्या भागातल्या प्लेजिओक्लेजच्या तुकड्यांत शिखर. एकेकाळी चंद्रावर मॅग्म्याचा समुद्र होता आणि हलकं प्लेजिओक्लेज त्यावर तरंगून आलं, या कल्पनेला त्याचा मोठा आधार मिळाला.

समुद्रतळावरही तेच नाटक चालतं, फक्त पाण्यात. पूर्व पॅसिफिकच्या तळाशी १९७९ मध्ये काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या सापडल्या. ३५० अंशांच्या वरचं पाणी, प्रचंड दाबामुळे न उकळता बाहेर पडणारं. हे पाणी बेसाल्टमधलं प्लेजिओक्लेज फोडत वर येतं, म्हणून त्यात हलकी भावंडं जास्त आणि युरोपियमचं भलंमोठं शिखर. समुद्राच्या साध्या पाण्यापेक्षा रेअर अर्थही अनेक पटींनी अधिक, काही ठिकाणी शेकडो पटींनी.

आता त्या पाण्यातून खनिज वाढतंय असं समजा. पाणी अजून खूप गरम असेल तर युरोपियम दोनभारी आणि आडदांड आहे. कॅल्साईट किंवा फ्लोराईटमधल्या कॅल्शियमच्या जागेत ते मावत नाही, पाण्यातच राहतं, आणि खनिजात खळगा उमटतो. तेच पाणी पुढे सरकून निवलं, २०० अंशांच्या खाली आलं, तर युरोपियम पुन्हा तीनभारी होऊन भावंडांच्या मापात येतं. पाण्यात साठलेलं जास्तीचं युरोपियम मग खनिजात शिरतं आणि शिखर उमटतं. म्हणजे शिखर असलेला फ्लोराईट सांगतो की हे पाणी आधी कुठेतरी फार तापलं होतं, आणि मी जन्मलो तेव्हा ते निवलं होतं. एका आकड्यात दोन तापमानं. म्हणून एकाच साठ्यातल्या दोन फ्लोराईटांत एकात खळगा आणि दुसऱ्यात शिखर दिसलं, तर दोन वेगळी पाणी होती असं लगेच म्हणता येत नाही. एकाच पाण्याची दोन वयं असू शकतात.

सिरियमचा स्वभाव याच्या उलट. ऑक्सिजन भरपूर असला की ते एक इलेक्ट्रॉन जास्त देऊन चारभारी होतं, आक्रसतं आणि समुद्रतळावरच्या मँगनीजच्या गोट्यांना चिकटून बसतं. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात सिरियमचा खळगा असतो. कोकणातल्या गरम झऱ्यांच्या पाण्यात क्लोराईड बरंच आहे, आणि त्यात समुद्राचं पाणी मिसळलंय का, हा जुना वाद आहे. सिरियमचा खळगा त्याची साक्ष देईल असं वाटतं खरं, पण बेसाल्टमधून लांबचा प्रवास झाला असेल तर तो खळगा पुसला जातो. समुद्राच्या पाण्याकडे सिरियम नावापुरतं, खडकाकडे ढीगभर. बटाटा आणि आमटीचा हिशेब इथे परत येतो. यिट्रियम आणि होल्मियमही कामी येतात. दोघांचा भार एक, आकार जवळजवळ एक. साध्या मॅग्म्यात त्यांचं गुणोत्तर २८ च्या आसपास ठरलेलं. फ्लोरीनने भरलेल्या पाण्यात ही जुळी मंडळी वेगळी होतात आणि गुणोत्तर वर चढतं, कारण फ्लोराईड यिट्रियमला जरा अधिक जवळ करतं.

हे सगळं मोजणं किती अवघड आहे याची कल्पना असावी. सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या छोट्या नळीत खनिजाची भुकटी आणि खारट पाणी घालून ती बंद करतात आणि शेकडो अंशांवर, प्रचंड दाबाखाली, आठवडेच्या आठवडे ठेवतात. कुकरच म्हणा, फक्त शिट्टी नसलेला. पण उघडायचा तर आधी निववायला लागतो, आणि पाणी निवताना त्यात विरघळलेलं सगळं भिंतीवर बसतं. जे मोजायचं तेच हरवतं. यावर एक सुंदर तोड निघाली: प्रयोग चालू असताना गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, स्फटिक वाढू द्यायचा. वाढताना तो त्या गरम पाण्याचे सूक्ष्म थेंब पोटात अडकवतो. निवल्यावर लेसरने एकेक थेंब फोडून मोजायचा. निसर्गातल्या स्फटिकांतही असे थेंब असतात. न्यू मेक्सिकोतल्या कॅपिटन इथल्या ग्रॅनाईटशी निगडित स्फटिकांतले अत्यंत खारट थेंब तपासले, तेव्हा त्यांत रेअर अर्थ दशलक्षात शेकडो भाग निघाले. क्लोराईडची लोकल किती भरून जाऊ शकते ते तिथे दिसलं.

अकलोलीच्या पाण्याचं काय? पायाला चटका बसला तरी या हिशेबात ते कोमटच, शिवाय आम्लधर्मी नाही, म्हणून त्यात ही भावंडं जेमतेमच असणार. मुंबईचं खरं गरम पाणी आता वाहत नाही. ते दगडात शिरून कधीच थिजलंय. आपलं शहर ज्या लाव्हावर उभं आहे, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांतून गरम पाणी फिरलं आणि पोकळ्यांत खनिजं भरली. कांदिवली, मालाड, कुर्ला इथल्या दगडखाणी त्यासाठी जगभर ओळखल्या जायच्या: हिरवट प्रेहनाईट, कापसाच्या बोंडासारखा ओकेनाईट, झिओलाईट, ॲपोफिलाईट आणि कॅल्साईट. खाणकामगार सगळ्यालाच गारगोटी म्हणत. त्या खाणींवर आता इमारती आहेत. झिओलाईट साधारण २०० अंशांच्या खालच्या पाण्यातले, प्रेहनाईट त्याहून थोड्या गरम पाण्यातलं, म्हणजे एकाच पोकळीत पाणी निवत गेल्याचा क्रम थरांनी लिहिलेला. रेअर अर्थसाठी मला त्यातला कॅल्साईट महत्त्वाचा वाटतो. त्यात कॅल्शियमच्या जागा आहेत.

मात्र एक सावधगिरी हवी. स्फटिकाच्या सगळ्या पैलूंचा पृष्ठभाग सारखा नसतो. एकाच वेळी, एकाच पाण्यात वाढलेल्या कॅल्साईटच्या दोन शेजारच्या पैलूंत रेअर अर्थचं प्रमाण वेगळं निघू शकतं. शिवाय स्फटिक भराभर वाढला की तो फार निवड करत बसत नाही. सुटत्या गाडीत जो दाराशी असतो तो आत शिरतो, तसं होतं. असा आकडा वाचून तापमान सांगायला गेलं तर चूक होते.

यात आता राजकारणही आलंय. चुंबक तापल्यावरही टिकावं म्हणून निओडिमियमच्या जोडीला डिस्प्रोसियम आणि टर्बियम लागतात, आणि ही जडांपैकी. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात रेअर अर्थच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यांत ही दोन्ही होती, आणि वाहन कारखान्यांची धावपळ उडाली. जडांचे मोठे साठे फार थोडे आहेत. त्यांतले दक्षिण चीनमधले महत्त्वाचे साठे तर गरम पाण्याने नाही, पावसाने ग्रॅनाईट कुजून झालेल्या मातीत आहेत. तो वेगळा लेख होईल.

दादर येईपर्यंत भाचीला इतकं सगळं सांगून झालं नव्हतं, म्हणून घरी आल्यावर कपाटातला कॅल्साईट तिच्या हातात दिला. कांदिवलीच्या खाणीतला आहे, बोटभर लांब, दुधी, तळाशी काळ्या बेसाल्टचा तुकडा चिकटलेला. लेसरने जे भोक पाडतात ते केसाच्या जाडीचं असतं, हे सांगितलं आणि विचारलं, तीनच भोकं पाडायची परवानगी असेल तर कुठे पाडशील? तिने पेन्सिलीने एक टिंब तळाशी काढलं, बेसाल्टच्या अगदी लगत. दुसरं टोकाशी. मग बराच वेळ दगड फिरवत राहिली आणि तिसरं टिंब टोकाच्याच शेजारी, पण वळणापलीकडच्या पैलूवर काढलं.